आज्ञाभंग आणि आदर : इरावतीबाई कर्वे यांच्या लेखनाविषयी

येरवडा हे नाव उच्चारताच महाराष्ट्रातील सामान्य माणसाच्या मनापुढे दोन वास्तू उभ्या राहतात : एक तुरुंग आणि दुसरे वेड्यांचे इस्पितळ. घरातील एखाद्या मुलाने चालून आलेली नोकरी नाकारली, की ‘याला आता येरवड्यास पाठवावयास हवे’ असे वडीलधाऱ्यांनी म्हणावे, ही पुण्याकडील जुनी रीत आहे. परंतु याच येरवड्यास तिसरीही एक वास्तू आहे आणि तिचा इतिहास या थट्टेला परस्पर उत्तर देणारा आहे. डेक्कन कॉलेज १८६८ साली येथील आपल्या इमारतीत आले. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांत याच कॉलेजात शिकलेल्या आगरकर-टिळकांनी सरकारी नोकरीच्या राजमार्गाकडे पाठ फिरविली आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल उघडले. मुलाच्या मोठ्या पगाराची आशा धरून बसलेल्या आईला आगरकरांनी पत्र लिहून ती आशा सोडावयास सांगितले, ही हकीकत मराठी घरांतून आजवर सांगितली जाते.

त्याच वास्तूत १९३९ पासून तीन दशके अध्यापन व संशोधन करणाऱ्या इरावतीबाई कर्वे यांची हकीकत मात्र या अंगाने फारशी सांगितली जात नाही. वस्तुतः ती अधिक गुंतागुंतीची आहे. आगरकरांस समजूत घालावयाची होती ती गरीब, अशिक्षित आणि मायेने आंधळ्या झालेल्या आईची. इरावतीबाईंस ज्यांचे म्हणणे बाजूस सारावे लागले ती माणसे सुशिक्षित, सुधारक आणि स्वतः लोकापवाद सोसलेली होती. आडमुठ्या माणसाचा सल्ला झुगारणे सोपे असते. शहाण्या आणि पूज्य माणसाचा सल्ला नाकारणे कठीण. शिवाय ज्यांचा सल्ला नाकारला त्यांच्याविषयी पुढे जन्मभर निर्मळ मनाने लिहिता येणे ही तर दुर्मिळच गोष्ट होय. इरावतीबाईंच्या लेखनाचे मोल या तिसऱ्या गोष्टीत आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. इरावतीबाईंचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातील. तेथील नदीवरूनच त्यांचे नाव ठेवले गेले. वडील गणेश हरि करमरकर तेथे एका कापसाच्या कंपनीत नोकरीस होते. सातव्या वर्षी मुलीस पुण्यास हुजूरपागेत धाडण्यात आले आणि पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी ती वाढली. फर्ग्युसनमधून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन पदवी आणि मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली १९२८ साली एम. ए. असा विद्याक्रम झाला. मुलगी एखाद्या संस्थानिकाच्या घरी पडावी अशी वडिलांची इच्छा होती. तिने पसंत केले ते दिनकर धोंडो कर्वे या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकास. वडिलांच्या मनाविरुद्ध टाकलेले हे पहिले पाऊल. दुसरे त्याहून अवघड होते. जर्मनीस जाऊन मानववंशशास्त्राचा अभ्यास करावा, असे इरावतीबाईंनी व त्यांच्या यजमानांनी ठरविले तेव्हा विरोध केला तो सासऱ्यांनी, म्हणजे खुद्द महर्षी अण्णासाहेब कर्व्यांनी!

ज्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह करून बहिष्कार पत्करला, १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापिले, त्यांनीच स्वतःच्या सुनेस परदेशी शिक्षणास जाऊ नको म्हणावे यात विरोधाभास दिसतो खरा. परंतु तो समजून घेणे अशक्य नाही. अण्णासाहेबांचा सारा जन्म पैपैची भिक्षा मागून संस्था उभारण्यात गेला. अशा माणसास, घरात पैसा नसताना कर्ज काढून सातासमुद्रापलीकडे जाणे हा अविचार वाटला असेल, तर त्यास दोष कोणी द्यावा? आणि इतरांसाठी नवी वाट पाडणाऱ्याला आपल्याच वाटेपलीकडे आणखी वाट असू शकते हे पटणे नेहमीच जड जाते. ते काही असो, डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन १९२८ च्या नोव्हेंबरात इरावतीबाई निघाल्या आणि दोन वर्षांनी बर्लिनची डॉक्टरेट घेऊन परतल्या.

तेथेही त्यांस एक मत बाजूस ठेवावे लागले. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे पुढारी होते. कवटीच्या दोन बाजूंतील विषमतेचा संबंध वंशाशी आहे आणि त्यात युरोपीयांचे काही वैशिष्ट्य आहे, असे गृहीत धरून हा विषय त्यांच्याकडे सोपविण्यात आला होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध आढळत नाही असे लिहिले. गुरूचे मत खोडताना त्यांनी आरडाओरड केली नाही. मोजमाप पुढे ठेवले. ‘स्वतःची वाट’ हा शब्दप्रयोग आजकाल फार स्वस्त झाला आहे. मनाची लहर आणि स्वतःची वाट यांत भेद कोणता, हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल त्याने हा प्रसंग ध्यानात ठेवावा. लहरीला पुराव्याची गरज नसते. वाट चालणाऱ्याला असते. अर्थात हेही सांगणे प्राप्त आहे, की शरीराची मापे घेऊन समाजगटांची उकल करण्याची पद्धती इरावतीबाईंनी परत आल्यावरही दीर्घकाळ चालविली आणि त्या पद्धतीवर नंतरच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत. गुरूचा निष्कर्ष टाकला तरी गुरूची हत्यारे हातातून सहसा सुटत नाहीत.

आता लेखनाकडे वळू. इरावतीबाईंचा ‘परिपूर्ती’ हा ललितलेखसंग्रह १९४९ साली प्रसिद्ध झाला. तो काळ मराठीत लघुनिबंधाच्या भरभराटीचा. फडके-काणेकरांनी रूढ केलेला लघुनिबंध म्हणजे एखादी चिमुकली कल्पना घेऊन तिच्याभोवती केलेला खेळकर विलास. इरावतीबाईंचे लेख त्या कुळातले नव्हेत. त्यांच्या मुळाशी कल्पना नसते, अनुभव असतो. आणि अनुभवाला भिडणारी दृष्टी समाजशास्त्रज्ञाची असते. वाक्ये आखूड, भाषा घरातली, अलंकार जवळजवळ नाहीत. विचार संपला की लेख संपतो. ‘वाटचाल’ या लेखात त्या वारकऱ्यांबरोबर पंढरीस पायी जातात. भक्तीच्या आनंदात त्या न्हाऊन निघतात, तथापि एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे यांच्या पंगती वेगळ्या होतात हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही, आणि त्याचा सल त्या झाकूनही ठेवीत नाहीत. आदर आहे म्हणून डोळे मिटावयाचे नाहीत आणि डोळे उघडे आहेत म्हणून आदर टाकावयाचा नाही, हा या गद्याचा स्वभाव आहे.

‘परिपूर्ती’ या नावाच्या लेखावर मात्र आमच्या परिचयाच्या कित्येक सुशिक्षित स्त्रियांचा रोष आहे, आणि तो गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे. एका सभेत लेखिकेचा परिचय अमक्यांची मुलगी, महर्षींची सून, प्राचार्यांची पत्नी असा नात्यांनी करून दिला जातो. तो ऐकून तिला काहीतरी अपुरे राहिल्यासारखे वाटते. पुढे रस्त्यात मुलांचे एक टोळके दिसते आणि त्यातील एक मुलगा तिला आपल्या वर्गातील सोबत्याची आई म्हणून ओळखतो. तेव्हा परिचय पुरा झाला असे तिला वाटते. रोष असा की, वडिलांची इच्छा आणि सासऱ्यांचा विरोध डावलून जिने विद्या मिळविली, तिची परिपूर्ती अखेर आईपणातच व्हावी काय? मग एवढा खटाटोप कशासाठी?

आमच्या मते या रोषात तथ्य आहे, परंतु लेखाचा पूर्ण अर्थ त्यात येत नाही. लेखातील दोन परिचय कोण करून देतो हे पाहावे. पहिला परिचय सभेचा आहे. त्यात प्रतिष्ठित पुरुषांच्या नावांची माळ आहे आणि त्या माळेत लेखिका केवळ दोऱ्याप्रमाणे आहे. दुसरा परिचय रस्त्यावरच्या पोराचा आहे. त्याला महर्षी ठाऊक नाहीत, प्राचार्य ठाऊक नाहीत. त्याच्या दृष्टीने मान मोठ्या घराण्याचा नसून वर्गातल्या एका सोबत्याचा आहे. थोरांच्या नावांचे ओझे एका पोराच्या उद्गाराने क्षणात उतरते, ही या लेखातली गंमत आहे आणि तीत सूक्ष्म उपहासही आहे. शिवाय हे विसरू नये की ही लेखिका नात्यांची शास्त्रज्ञ होती. भारतातील आप्तसंबंधांच्या रचनेवरील तिचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली डेक्कन कॉलेजनेच प्रसिद्ध केला. माणूस नात्यांच्या जाळ्यात उभा असतो हे तिला कोणी शिकवावयास नको होते. त्या जाळ्यात राहून आपले पाऊल कोठे टाकावे एवढाच तिचा प्रश्न होता. तरीही एक उणीव उरते. परिपूर्तीच्या त्या क्षणी येरवड्याची अभ्यासिका कोठेच नाही. लेखिकेने ती मुद्दाम बाहेर ठेवली, की तिच्या पिढीच्या स्त्रीस ती आत आणणे संकोचाचे वाटले? हा प्रश्न लेख सोडवीत नाही, आणि वाचक स्त्रियांनी तो विचारीत राहावे हेच योग्य.

या प्रश्नाची दुसरी बाजू ‘युगान्त’मध्ये दिसते. महाभारतातील व्यक्तींवरील हा ग्रंथ १९६७ साली प्रसिद्ध झाला आणि त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्याकडे सामान्यतः पुराणकथांची चिकित्सा म्हणून पाहिले जाते. आम्हांस तो निवडींचा आणि निवडींच्या किमतीचा ग्रंथ वाटतो. द्रोण आणि अश्वत्थामा यांच्यावरील प्रकरणाचे नावच ‘परधर्मो भयावहः’ असे आहे. वाट्याला आलेले ब्राह्मणाचे काम सोडून त्या पितापुत्रांनी शस्त्राची वाट धरली, आणि ती वाट त्यांना कोठवर घेऊन गेली याचा हिशेब लेखिका निष्ठुरपणे मांडते. नेमलेली वाट जिने स्वतः सोडली तिने असे लिहावे याचे नवल वाटेल. पण वाट सोडणे हाच गुण असता तर हे प्रकरण लिहिलेच गेले नसते. कोणती वाट, कशासाठी आणि कोणाच्या जिवावर, हे तिने विचारलेले प्रश्न आहेत.

हेच प्रश्न भीष्मास विचारले आहेत, आणि तेथे लेखणीला अधिकच धार आली आहे. स्वतःसाठी काही मागावयाचे नाही अशी प्रतिज्ञा केलेला हा पुरुष इतरांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, आयुष्याची मोडतोड बिनदिक्कत करतो. स्वार्थी माणसास जी मर्यादा पडते ती त्यागी माणसास पडत नाही, असा लेखिकेचा आशय आहे. महर्षी कर्व्यांवरील आपल्या लेखात त्यांनी या थोर सासऱ्यांविषयी पराकाष्ठेच्या भक्तीने लिहिले, आणि त्याबरोबरच त्यांच्या व्रताचा भार घरच्यांवर कसा पडला हेही लिहिले. भीष्माचे चित्र रेखाटताना घरातील त्यागाचा हा निकट अनुभव लेखिकेच्या मनात कोठेतरी असावा, असे आम्हांस वाटते. दोघांची तुलना करावयाची नाही. पण त्यागाची किंमत घरातील कोण भरते हा प्रश्न ग्रंथांतून सुचण्यापूर्वी घरातून सुचतो.

‘युगान्त’मध्ये दोष नाहीत असे नाही. काही ठिकाणी तुटपुंज्या आधारावर लेखिका मोठे विधान करून मोकळी होते. कर्णाविषयीचा निकाल इतका कठोर आहे, की जन्माने नाकारलेल्या माणसाच्या धडपडीला जी सहानुभूती मिळावयास हवी ती मिळत नाही. ज्या स्त्रीच्या विरोधकांनीही तिला घरातून घालवून दिले नाही, तिला दारच बंद असलेल्याचा संताप कदाचित पुरता उमगला नसावा. सुशिक्षित घरातील बंडाला ही मर्यादा असते. बंड फसले तरी परत यावयास घर असते.

इतके सांगून झाल्यावर मूळ मुद्द्यावर यावे. करिअरविषयीच्या उपदेशाची पुस्तके आज ढिगांनी निघतात. त्यांत सल्ला देणारे वडीलधारे बहुधा मूर्ख आणि तो झुगारणारा तरुण बहुधा विजयी असतो. फसलेल्यांची पुस्तके निघत नाहीत. इरावतीबाईंचे लेखन या खोटेपणापासून मुक्त आहे. परतल्यावर त्यांना येरवडाही लगेच मिळाले नाही. १९३१ ते १९३६ पर्यंत त्यांनी सासऱ्यांच्याच महिला विद्यापीठात कुलसचिवाचे, म्हणजे कचेरीचे, काम केले. डेक्कन कॉलेज १९३४ साली सरकारने बंद केले होते. ते १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले तेव्हा कोठे त्यांस आपले काम सापडले, आणि ते त्यांनी १९७० साली मृत्यू येईपर्यंत धरून ठेवले. कर्ज काढून मिळविलेल्या विद्येस योग्य जागा मिळावयास नऊ वर्षे लागली. वडीलधाऱ्यांची भीती अगदीच निराधार नव्हती, हे या नऊ वर्षांनी दाखविले. आणि ती भीती अखेरची नव्हती, हे पुढच्या तीस वर्षांनी.

म्हणून आईबापांनी हे लेख वाचावे ते आपला सल्ला चुकू शकतो हे कळण्यासाठी, आणि मुलांनी वाचावे ते सल्ला नाकारूनही माणूस नाकारावा लागत नाही हे कळण्यासाठी. एकाच घरातील दोन पिढ्यांनी एकच पुस्तक पाळीपाळीने वाचावे, असे मराठीत फार थोड्या ग्रंथांविषयी म्हणता येते. ‘परिपूर्ती’ आणि ‘युगान्त’ यांच्याविषयी ते निःशंकपणे म्हणावे.