बेट, होडी आणि तीन पुस्तके

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी परगण्यातल्या डनक्विन गावासमोर ग्रेट ब्लास्केट हे बेट आहे. मधला समुद्राचा पट्टा अरुंद, पण वारा फिरला की दिवसच्या दिवस होडी घालता येत नसे. वस्ती ऐन भरात असताना पावणेदोनशेच्या आसपास. तिथे ना देऊळ, ना डॉक्टर. मासे, शेवंडे, ससे, बटाटे आणि चार मेंढ्या यांवर पोट. अशा या वस्तीने 1929 ते 1936 या सात वर्षांत तीन आत्मकथने दिली आणि ती तिन्ही आयरिश भाषेत. मी ती इंग्रजी अनुवादातून वाचली. मूळ भाषेचा नाद मला कळला असा दावा करणार नाही. तरीही दोन भाषांच्या उंबरठ्यावर वाढलेल्या माणसाला या पुस्तकांत आपले काही सापडते, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिले पुस्तक टॉमस ओ'क्रोहन या मच्छिमाराचे, ‘द आयलंडमन’. बेटावर शाळा होती, पण शिकवणे इंग्रजीतून. स्वतःची मायबोली वाचायला टॉमस मोठेपणी शिकला. 1917 साली ब्रायन ओ'केली नावाचा अभ्यासक बेटावर आला. त्याने टॉमसला गॉर्की आणि पिएर लोती वाचून दाखवले, आणि मच्छिमाराचे आयुष्य हाही साहित्याचा विषय होऊ शकतो, हे त्याच्या मनावर ठसवले. पुढे टॉमस आपली हकीकत लिहून त्याला पाठवत राहिला.

या पुस्तकाचा खरा गुण त्याच्या संयमात आहे. टॉमसचे मन शेजारच्या छोट्या बेटावरच्या एका मुलीवर होते. बहिणीने व्यवहार पाहिला आणि लग्न दुसरीशी ठरले. तो तक्रार करत नाही. लग्नात आपण कोणते गाणे म्हटले, एवढे सांगतो. ते गाणे दुरावलेल्या प्रेमाचे आहे. जाणत्या वाचकाने काय ते ओळखावे! मुलांचे मृत्यूही तसेच. एक कड्यावरून पडला, काही गोवर आणि डांग्या खोकल्याने गेली, एक समुद्रात बुडाला. सारे थोडक्या ओळींत येते आणि लगेच पुन्हा जाळी, होड्या, मेंढ्या. आपल्याकडच्या आत्मचरित्रांत दुःखाला जो पाट आणि समई मांडून बसवतात, त्याची सवय असलेल्या मला हा कोरडेपणा आधी खटकला. दुसऱ्या वाचनात कळले की शोक करत बसायला त्या घरात जागाच नव्हती.

दुसरे पुस्तक मॉरिस ओ'सलिव्हनचे, 1933 सालचे, ‘ट्वेंटी इयर्स अ-ग्रोइंग’. ते खेळकर, तरुण आहे. पण मला महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. आई गेल्यावर मॉरिसचे बालपण डिंगलच्या अनाथाश्रमात गेले. तो बेटावर परतला तेव्हा त्याच्या तोंडी इंग्रजी होती. आयरिश तो बेटावर शिकला. म्हणजे ज्या पुस्तकाला लोक अस्सल बेटाचा आवाज म्हणतात, तो आवाज एका दुभाषी पोराचा आहे. भाषेच्या शुद्धतेच्या गप्पा मारणाऱ्यांनी याचा विचार करावा.

तिसरे, 1936 सालचे, पेग सेयर्सचे. पेग मूळची डनक्विनची, लग्न होऊन बेटावर आलेली. तिला आयरिश लिहिता येत नव्हते. ती सांगे आणि मुलगा लिहून घेई. इथे बहिणाबाई आणि सोपानदेव आठवल्यावाचून राहत नाहीत. पण पेगचे दैव वेगळे. तिचे पुस्तक अनेक दशके शाळांत सक्तीने नेमले गेले, आणि पोरे तिच्या नावाने बोटे मोडू लागली. पुस्तकात रडगाणे आहे हे खरे. मात्र ती घरी बसून रंगवून गोष्टी सांगणारी बाई होती. कागदावर तिचे दुःख आणि देवभोळेपणा तेवढा उतरला. तिची थट्टा उतरली नाही. या साऱ्या दैन्य-कौतुकाची टिंगल फ्लॅन ओ'ब्रायनने 1941 साली आयरिशमध्येच केली, ती या पुस्तकांची सर्वांत चांगली समीक्षा म्हणावी लागेल.

राष्ट्राने बेटाची पूजा केली, पण धक्का बांधून दिला नाही. शाळा 1941 मध्ये बंद पडली, तरुण अमेरिकेला गेले. 1947 च्या सुरुवातीला एक तरुण वैद्यकीय मदतीविना गेला. समुद्र खवळलेला होता. 17 नोव्हेंबर 1953 रोजी उरलेल्यांना मुख्य भूमीवर हलवण्यात आले. तेव्हा वस्ती बावीसची होती.

टॉमसचे पुस्तक छापताना संपादकाने काही रांगडा मजकूर गाळला होता. तो पुन्हा घालून आवृत्ती निघाली ती 2002 साली. हे वाचले आणि मी अस्वस्थ झालो. कारण कॉलेजात असताना मी माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवल्या होत्या. आजी खानापूरकडची. तिच्या बोलण्यात कानडी शब्द सहज येत. मी ते ‘दुरुस्त’ केले. ती ‘संते’ म्हणे, तिथे मी ‘बाजार’ लिहिले. तिच्या दोन-तीन चावट ओव्या तर लिहिल्याच नाहीत. त्या वेळी लाज वाटली. सीमेवर राहून आपली मराठी पुण्याइतकी चोख आहे हे सिद्ध करायची मला घाई होती.

बेटावरच्या संपादकाला मूळ हस्तलिखित तरी जपून ठेवलेले मिळाले. माझ्यापाशी फक्त माझी चोख वही आहे. परवा ती काढून बसलो. ‘संते’ जागच्या जागी बसली, आणखी एक-दोन शब्द आठवले. पण त्या चावट ओव्यांची चाल तेवढी कानात आहे, शब्द नाहीत.