राखणदार कुत्रा : एका पुस्तकाची राजुऱ्यात परीक्षा

राजुऱ्याच्या एका शिक्षकमित्राने मध्यंतरी विचारले, "आमच्याकडे काही जण गुरांच्या राखणीसाठी मोठ्या परदेशी जातीचा कुत्रा आणावा म्हणतात. त्याने वाघ-बिबट्या दूर राहील का?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. याच भागात जानेवारी २०१९ पासून आठ माणसांचा बळी गेल्यावर ऑक्टोबर २०२० मध्ये एक वाघ पकडावा लागला होता. उत्तर शोधण्यासाठी रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या दांपत्याचे 'डॉग्ज' (२००१) हे पुस्तक पुन्हा काढले.

कॉपिंजर दांपत्याने १९७०च्या दशकापासून अमेरिकेत राखणदार कुत्र्यांवर काम केले. इटली, युगोस्लाव्हिया, तुर्कस्तान येथील मेंढपाळांचे कुत्रे आणून त्यांची पिल्ले शेतकऱ्यांना दिली आणि ती कशी वागतात याच्या नोंदी ठेवल्या. पुस्तकाचे खरे बळ या नोंदींत आहे.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. शिकार ही एक साखळी असते : हेरणे, टक लावणे, दबकत सरकणे, पाठलाग, पकडणे, मारणे, खाणे. मेंढ्या हाकणाऱ्या बॉर्डर कॉलीत पहिल्या कड्या ठळक असतात, शेवटच्या दबलेल्या. राखणदार जातींत ही साखळी जवळजवळ जागीच होत नाही. त्यात पिल्लू सुमारे चौथ्या ते सोळाव्या आठवड्यांत मेंढ्यांबरोबर वाढले, की मेंढ्या हेच त्याचे गणगोत ठरते. असा कुत्रा लांडग्याशी सहसा झुंजत नाही. तो भुंकतो, आडवा जातो आणि लांडग्याच्या शिकारीत व्यत्यय आणतो. 'स्वामिनिष्ठ शूर कुत्रा' या आपल्या पाठ्यपुस्तकी कल्पनेला हे स्पष्टीकरण चांगलाच धक्का देते, आणि ते तपासूनही पाहता येते. म्हणून शिक्षकांनी हे पुस्तक जरूर वाचावे.

परंतु तीन ठिकाणी ते अपुरे पडते.

पहिले, कुत्र्याच्या उगमाबद्दल. वस्तीच्या उकिरड्यावर जगणाऱ्या लांडग्यांतून कुत्रा आपोआप घडला, असे लेखक ठामपणे सांगतात. पण जर्मनीत ओबरकासेल येथे माणसांबरोबर पुरलेला कुत्रा सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा आहे. त्या काळी तिथली माणसे शिकार करून भटकत होती. शेती आणि कायमची गावे पुढे आली. मग उकिरडा कुठला? एका चांगल्या तर्काला लेखकांनी सिद्धान्ताचा मान जरा घाईने दिला आहे.

दुसरे, या पुस्तकात मेंढपाळ मागे पडतो. अमेरिकेतील कुंपणबंद कुरणात कुत्रा बराच वेळ एकटा असतो. आपल्याकडे धनगरांचा वाडा हिंडतो तेव्हा रात्री मेंढ्या वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात असतात, आणि माणसे जवळच निजतात. कुत्रा भुंकतो, माणूस उठतो. राखण या दोघांची मिळून असते. शिवाय मेंढ्या घोळक्याने राहतात. राजुऱ्याकडे गुरे जंगलात विखरून चरतात. विखुरलेल्या गुरांत कुत्र्याने कोणाजवळ थांबायचे?

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, शत्रू कोण? पुस्तकातील बहुतेक अनुभव लांडगा आणि कोयोट यांचे आहेत. बिबट्याच्या आहारात तर कुत्राच येतो. भुंकण्याने दबा धरलेल्या वाघाचा ठाव लागू शकेल, पण वाघापुढे पन्नास किलोचा कुत्राही लहानच.

आता साधे गणित करू. प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या तीन-चतुर्थांश घाताप्रमाणे वाढते. म्हणजे १५ किलोच्या गावठी कुत्र्याच्या तिप्पट वजनाच्या कुत्र्याला सुमारे सव्वादोनपट अन्न लागेल. शरीर मोठे तसे वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ कमी, म्हणून उष्णता बाहेर टाकणे अवघड. त्यात दाट केस आणि चंद्रपूरचा ४५ अंशांपलीकडे जाणारा उन्हाळा! कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. भर दुपारी तो गुरांमागे चालेल की सावली शोधेल?

आणखी एक धोका पुस्तकाने पुरेसा तोललेला नाही. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीत सुमारे एक-तृतीयांश सिंह कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूच्या साथीने दगावले. भोवतालच्या गावांतील कुत्र्यांतही हा रोग होता. जंगलाच्या काठावर लस न टोचलेला कुत्रा पाळणे म्हणजे वाघ आणि रानकुत्रे यांनाही धोक्यात घालणे होय.

मित्राला मी कळवले : जात विकत घेण्याआधी रात्रीचा गोठा भक्कम करा, गुरे एकत्र चारा, गुराख्याला एकटे पाठवू नका. कुत्रा हवाच असेल तर इथल्या हवेला सरावलेले पिल्लू घ्या, त्याला गुरांतच वाढवा आणि लस टोचा. वाघाशी लढण्याची अपेक्षा मात्र त्याच्याकडून ठेवू नका.

विद्यार्थ्यांसाठी एक उपक्रम सुचवतो. गल्लीतला कुत्रा शेळी, कोंबडी, मांजर यांच्याशी कसा वागतो ते दुरूनच आठवडाभर टिपा. शिकारीच्या साखळीतील कोणती कडी दिसली आणि कोणती दिसली नाही, याचा तक्ता करा. मग पुस्तकातील प्रकरण वाचा आणि लेखकांशी खुशाल वाद घाला.