तुरुंगाचे भाडे आणि डॉरिटचा वारसा

चार्ल्स डिकन्सची ‘लिटल डॉरिट’ (१८५५–५७) ही कादंबरी मी वर्गात शिकवतो. माझ्या प्राध्यापकांनी ती मला एका सोशिक मुलीची करुण कथा म्हणून शिकवली होती. मला ती तशी वाचता येत नाही.

लंडनच्या मार्शल्सी तुरुंगात कर्जबाजाऱ्यांना डांबीत. १८२४ साली डिकन्सचे वडीलही तिथे होते आणि बारा वर्षांचा डिकन्स बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात राबत होता. या तुरुंगात राहण्याचेही पैसे पडत. अठराव्या शतकात ज्याच्या खिशात पैसा त्याला बरी खोली मिळे आणि कंगाल माणूस गर्दीत कोंबला जाई. कर्जापायी कोंडायचे आणि कोंडल्याबद्दल आणखी कर्ज चढवायचे, असा हा न्याय! १७२९ साली पार्लमेंटच्या समितीने तिथली उपासमार उघडकीस आणली.

डिकन्सला ही यातना ठाऊक होती. विल्यम डॉरिट पाहुण्यांकडून नाणी घेतो आणि तो आपला मान समजतो, हे लाचारीचे चित्रण अस्सल आहे. सरकारी कचेरीवरही लेखकाने कोरडे ओढले आहेत. परंतु डॉरिट सुटतो तो अनपेक्षित वारशाने. पुढे ती संपत्ती बुडते हे खरे. तरी तुरुंगाचे दार उघडले ते तिनेच. माझा आक्षेप इथे आहे. ज्याच्या वारशात कर्जच आले त्याने कोणत्या दाराने बाहेर पडावे? माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. वडिलांच्या मागे सावकाराचे देणे राहिले होते. माझ्या नोकरीची पहिली दोन वर्षे ते फेडण्यात गेली.

मार्शल्सी १८४२ साली बंद झाला, तो न्याय मात्र बंद झाला नाही. अमेरिकेत मिशिगन राज्याने १९३५ साली कैद्यांकडून कोठडीचा खर्च वसूल करण्याचा कायदा केला. कनेक्टिकट राज्याने दिवसाला २४९ डॉलरपर्यंत आकारणी केली आणि सुटून आलेल्या माणसाच्या वारशावरही हक्क सांगितला. २०२२ साली तिथे ही वसुली गंभीर गुन्ह्यांपुरती मर्यादित झाली. डिकन्सने ज्या वारशाने माणूस सोडवला, तोच वारसा इथे तुरुंगाने मागितला! करदात्याने हा भार का सोसावा, असे समर्थक विचारतात. पण शिक्षा समाजाच्या नावाने दिली जाते, तर तिचा खर्चही समाजाचाच. शिवाय त्या तुरुंगांत काळ्या माणसांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठे आहे. ज्यांच्या पूर्वजांची मजुरी बुडवली, त्यांच्याच नावे हे बिल फाडले जाते.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केली. त्या देशाच्या १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने मात्र गुन्ह्याच्या शिक्षेपुरती सक्तीची मजुरी शिल्लक ठेवली होती.

आपण हे परक्यांचे दुःख म्हणून वाचू नये. आपल्या कित्येक राज्यांच्या तुरुंग-नियमावलीत झाडलोट, मैलासफाई कोणत्या जातीच्या कैद्याने करावी आणि स्वयंपाक कोणत्या जातीच्या, हे लिहिलेले होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले. तोवर आमचा माणूस कोठडीचे भाडे जातीने भरत होता.

म्हणून वर्गात मी आता डॉरिटच्या मुलीच्या सोशिकपणाचे गुणगान करीत नाही. मुलांना एवढेच विचारतो : हे बिल मुळात कुणाचे?