ट्रॉमा सिस्टीमची पहिली दहा वर्षं: एका पेपरचं वाचन

एव्हरी नॅथन्स आणि सहकाऱ्यांचा २००० साली ‘जामा’मध्ये आलेला पेपर या विषयात खूप उद्धृत होतो. त्यातला एकच आकडा सगळे उचलतात: अमेरिकेतल्या राज्यांत ट्रॉमा व्यवस्था सुरू झाल्यावर साधारण १५ वर्षांनी वाहन अपघातांतले मृत्यू ८ टक्क्यांनी घटले. पण याच पेपरात पहिली दहा वर्षं घट दिसतच नाही. मला खरा मुद्दा तिथे वाटतो.

व्यवस्था म्हणजे नुसती मोठी हॉस्पिटलं नव्हेत. हॉस्पिटलांना लेव्हल १, २, ३ असे दर्जे दिले जातात. कुठल्या जखमीला जवळचं हॉस्पिटल ओलांडून थेट मोठ्या सेंटरला न्यायचं, याचे नियम अँब्युलन्सवाल्यांकडे असतात. पेशंट वर पाठवायचे करार असतात, मृत्यूंची नंतर छाननी होते. पाटी एका दिवसात लागते. हे सगळं रुळायला वर्षं जातात. लेखकांचं स्पष्टीकरणही हेच. पटतं, पण त्यांनी ते मोजलेलं नाही हे लक्षात घ्या. व्यवस्था सुरू होऊन किती वर्षं झाली, एवढंच मोजलंय.

दुसरं म्हणजे डेटा १९७९ ते १९९५चा. वजाबाकी करून बघा: १५ वर्षांनंतरचा परिणाम १९८०च्या आसपास किंवा त्याआधी सुरुवात केलेल्या राज्यांतूनच येऊ शकतो. त्यामुळे ‘२२ राज्यांत व्यवस्था होती’ हे वाचून भारावून जाऊ नका.

डेटा ‘फार्स’ या जीवघेण्या रस्ते-अपघातांच्या सरकारी नोंदीतला आहे. त्यात जागीच गेलेलेही येतात, ज्यांना कुठलंच हॉस्पिटल वाचवू शकलं नसतं. म्हणजे हॉस्पिटलात पोचलेल्यांपुरता फायदा ८ टक्क्यांहून जास्तही असेल. उलट, वाचला पण कायमचा अपंग झाला, त्याचा हिशेब इथे नाहीच.

आणि हे कुणी फारसं सांगत नाही: फक्त सीट बेल्ट नाही म्हणून गाडी अडवता येणाऱ्या कायद्यामुळे मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. वेगमर्यादा सैल केल्यावर ७ टक्क्यांनी वाढले. (सर्जन मंडळींना हे आवडत नसावं!)

आपल्याकडे १०८ अँब्युलन्स २०१४ साली आली. तिच्या आधीची तीन आणि नंतरची तीन वर्षं घेऊन सिनॉप्सिस लिहायचा मोह होतो. उत्तर ‘फरक नाही’ असं आलं, तर ते व्यवस्थेबद्दल आहे की तुम्ही निवडलेल्या तीन वर्षांबद्दल, हे गाइडनी विचारायच्या आधी ठरवून ठेवा.