चौकट आणि चरित्र

संगणकावरील ज्ञानकोशांत चरित्रलेखाच्या बाजूला एक छोटी चौकट असते. मराठी विकिपीडियावर तिला ‘माहितीचौकट’ म्हणतात. नाव, जन्म, मृत्यू, संगीतप्रकार, कारकिर्दीचा काळ असे रकाने तीत असतात. अभिजात संगीतकारांच्या चरित्रांना ही चौकट हवी की नको, यावर इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांत वर्षानुवर्षे वाद चालला आणि २०१३ साली तो तेथील लवाद समितीपुढे गेला. चौकट सक्तीची नाही, निषिद्धही नाही. प्रत्येक लेखापुरते संपादकांनी ठरवावे, असा तेथील दंडक आहे. वरवर पाहता हा वाद मांडणीचा आहे. आम्हांस मात्र त्यात सत्याचा प्रश्न दिसतो.

चौकटीची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. खामगाव-मेहकरचा विद्यार्थी मोबाइलच्या लहान पडद्यावर वाचतो. त्याला सनावळी चटकन सापडली तर बिघडले कोठे? आमच्या जिल्ह्यातील लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, हे चौकटीत सुखाने मावते. पण वयाच्या रकान्यात काय लिहावे? पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे सांगत. पुढील एका अभ्यासाने ते ५ लाखांहून अधिक ठरवले. दगडाची ही गत, तर माणसाची काय कथा!

बेथोवेनचेच पाहा. त्याच्या जन्मतारखेची नोंद उपलब्ध नाही. बॉन येथील चर्चच्या नोंदवहीत १७ डिसेंबर १७७० रोजी त्याचा स्नानसंस्कार झाल्याचे तेवढे लिहिलेले आहे. जन्म आणि स्नानसंस्कार यांतला फरक आमच्या वाचकांना समजावून सांगावयास नको. नोंदवही घडलेल्या संस्काराचीच साक्ष देते. चौकटीतला रिकामा रकाना मात्र भरणाऱ्याला मोह घालतो, आणि अदमासाची तारीख एकदा तेथे बसली की ती निर्विवाद वाटू लागते.

याहून मोठी अडचण कुमार गंधर्वांच्या चरित्रात दिसते. जन्म ८ एप्रिल १९२४, मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, निधन १२ जानेवारी १९९२, देवास: येथवर चौकट आपले काम चोख बजावते. पण ‘कारकिर्दीचा काळ’ या रकान्यात काय भरणार? क्षयाने ग्रासल्यामुळे कुमारांना काही वर्षे गाणे बंद ठेवावे लागले. त्या सक्तीच्या मौनात माळव्याची लोकगीते त्यांच्या कानांवर पडत राहिली, आणि लोकधुनांतून राग कसा उगवतो याचा शोध त्यांनी घेतला. त्यांचे धुनउगम राग व ‘अनूपरागविलास’मधील बंदिशी त्या मौनाशी जोडलेल्या आहेत. रकान्याच्या हिशेबी ती वर्षे रिकामी. रचनाकाराच्या दृष्टीने तीच भरलेली. दोन सनांमध्ये ओढलेली छोटी रेघ हे कसे सांगणार?

यावर कोणी म्हणेल, खाली सविस्तर लेख आहेच की. खरे आहे, पण चौकट वाचून वाचक थांबला, तर माणूस समजला या भ्रमात तो उठतो. अज्ञानाला निदान जिज्ञासा तरी असते; अर्धवट ज्ञानाचे समाधान तीही मारून टाकते.

पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी राग १० थाटांत बसवले. त्या वर्गीकरणाने असंख्य विद्यार्थ्यांची सोय झाली. तरीही थाट पाठ झाला म्हणजे राग आला, असे कोणताही गुरू म्हणणार नाही. चौकटीलाही हाच न्याय लावावा, असे आमचे मत आहे. नाव, स्थळ, खात्रीचे सन एवढेच तीत असावे. शैली, प्रभाव, श्रेष्ठत्व, संशयित तारखा यांना लेखातच जागा द्यावी, आणि जेथे सांगण्याजोगे निश्चित काही नाही, तेथे रकाना रिकामा न ठेवता तो काढूनच टाकावा. आपल्या घरातील मुलांनाही एवढेच सांगू या, की चौकट हा चरित्राचा उंबरठा आहे. उंबरठ्यावरून परतलेल्या पाहुण्याने घर पाहिले, असे कोणी म्हणत नाही.