आठ पौंडांची इस्त्री आणि योगदानाची भाषा

न्यूयॉर्कला गेलेला आंबेडकरी माणूस आधी कोलंबिया विद्यापीठात जातो. एका परिसंवादाच्या निमित्ताने तिकडे जाणे झाले तेव्हा मीही तेच केले. तिथल्या ग्रंथालयातील बाबासाहेबांचा अर्धपुतळा पाहिला आणि १९१३ ते १९१६ ही तीन वर्षे त्या शहरात अभ्यासात घालवणाऱ्या विद्यार्थ्याला मनोमन वंदन केले. दुसरा दिवस मोकळा होता. एका प्राध्यापक मित्राने सुचवले म्हणून चिनी वस्तीच्या कडेला असलेले ‘म्युझियम ऑफ चायनीज इन अमेरिका’ हे संग्रहालय पाहायला गेलो. मोठमोठ्या संग्रहालयांच्या त्या शहरात हे लहानच. तास-दीड तासात पाहून होते. पण तिथली एक लोखंडी इस्त्री अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ती इस्त्री आणि अशा संग्रहालयांतून बोलली जाणारी भाषा, ह्या दोहोंविषयी काही विचार मांडावेत म्हणून हा लेख.

ह्या संग्रहालयाची सुरुवात सरकारने किंवा कुणा धनिकाने केलेली नाही. १९८० साली इतिहासकार जॉन कुओ वेई चेन आणि कार्यकर्ते चार्ल्स लाय यांनी चिनी वस्तीच्या इतिहासाचा एक प्रकल्प म्हणून हे काम हाती घेतले. पहिल्या पिढीची म्हातारी माणसे एकेक करून जात होती आणि त्यांच्या खोल्यांतले सामान रस्त्यावरच्या कचऱ्यात पडत होते. ही तरुण मंडळी त्या कचऱ्यातून पत्रे, दुकानांच्या पाट्या, पेट्या उचलून आणीत आणि जिवंत असलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी टिपून घेत. अशा रीतीने उभ्या राहिलेल्या संग्रहात पुढे सुमारे ८५,००० वस्तू जमा झाल्या. २००९ साली संग्रहालय सेंटर स्ट्रीटवरच्या, वास्तुशिल्पी माया लिन यांनी आखलेल्या जागेत आले. मूळ संग्रह मात्र मलबेरी स्ट्रीटवरच्या जुन्या शाळेच्या इमारतीतच राहिला. २३ जानेवारी २०२० रोजी त्या इमारतीला आग लागली. पाण्याने भिजलेले कागद कार्यकर्त्यांनी वाळवले आणि पुष्कळ वस्तू वाचवल्या. एकदा कचऱ्यातून आणि एकदा आगीतून वाचलेला हा इतिहास आहे, हे लक्षात घेऊनच त्याच्याविषयी बोलले पाहिजे.

आता त्या इस्त्रीकडे वळू. न्यूयॉर्कच्या चिनी लाँड्रीवाल्यांची इस्त्री आठ पौंडांची असे, आणि ते आपल्या धंद्याला ‘आठ पौंडांची रोजी’ म्हणत. १९८० च्या दशकात ह्याच मंडळींनी लाँड्री कामगारांवर जे प्रदर्शन भरवले त्याला हेच नाव दिले होते. आठ पौंड म्हणजे साडेतीन किलोंहून जास्त. असे वजन दिवसभर आणि रात्री उशिरापर्यंत हातात घेऊन उभे राहायचे, दुकानामागच्या खोलीतच जेवायचे आणि तिथेच झोपायचे. बायको-मुले समुद्रापलीकडे. एका माणसाचे सबंध आयुष्य असेच संपत असे.

हा धंदा चिनी माणसाच्या रक्तात होता काय? मुळीच नाही. चीनमध्ये कपडे धुणे हे बायकांचे काम समजले जाई. कँटनच्या बाजूचे हे शेतकरी सोन्याच्या खाणींसाठी आणि रेल्वेच्या कामासाठी अमेरिकेत गेले होते. खाणींतून त्यांना करांनी आणि मारहाणीने हुसकावले. कारखान्यांतून गोऱ्या कामगारांच्या संघटनांनी हुसकावले. जे काम गोरा पुरुष करायला तयार नव्हता तेच त्यांच्या वाट्याला उरले. पुढे दोन-तीन पिढ्यांत अमेरिकन माणसाला वाटू लागले की चिनी माणूस जन्मतःच धोबी असतो. आधी माणसाला एका कामाच्या कोंडवाड्यात घालायचे आणि मग तो कोंडवाडा म्हणजेच त्याचा स्वभाव असे सांगायचे, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

ती रीत तिथे कायद्याने चालवली. १८५४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका चिनी माणसाच्या खुनाबद्दल दोषी ठरलेल्या गोऱ्या माणसाला सोडून दिले, कारण साक्षीदार चिनी होते आणि गोऱ्याविरुद्ध चिनी माणसाची साक्ष चालत नाही असा निर्णय दिला. १८७५ च्या कायद्याने चिनी स्त्रियांना येणे जवळजवळ अशक्य केले. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली आणि चिनी माणसाला नागरिकत्व नाकारले. १८९२ च्या कायद्याने प्रत्येक चिनी मजुराने वास्तव्याचा दाखला घेणे सक्तीचे केले. दाखला नसेल तर आपण इथले जुने रहिवासी आहोत हे सिद्ध करायला किमान एक विश्वसनीय गोरा साक्षीदार आणावा लागे. स्वतःच्या अस्तित्वालाही दुसऱ्या वर्णाच्या माणसाची साक्ष लागावी, ह्यापरता अपमान तो कोणता? ही प्रवेशबंदी उठली ती १९४३ साली. दुसऱ्या महायुद्धात चीन मित्रराष्ट्र होता, म्हणून उठली; आणि तेव्हाही वर्षाला फक्त १०५ माणसांना दार उघडले.

चिनी लाँड्रीवाला म्हणजे अमेरिकेतला अस्पृश्य, असे सरसकट समीकरण मी मांडत नाही. त्याच्या बंदीला धर्मग्रंथाचा आधार नव्हता, आणि ज्या संसदेने कायदा केला तिनेच तो रद्द केला. आपल्याकडे १९५० साली संविधानाने अस्पृश्यता संपवली, पण मनातली आणि गावातली संपलेली नाही. तरीही १९३६ च्या, न झालेल्या, ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात बाबासाहेबांनी कामाची वाटणी आणि काम करणाऱ्या माणसांची वाटणी यांत जो फरक दाखवला आहे, तो ह्या इस्त्रीसमोर उभे राहिले की लख्ख कळतो.

आता माझ्या आक्षेपांकडे येतो. परदेशातून आलेल्या समाजांची जी संग्रहालये अमेरिकेत आहेत, त्यांत दोन शब्द पुनःपुन्हा भेटतात: ‘संस्कृती’ आणि ‘योगदान’.

‘संस्कृती’ ह्या शब्दाखाली लाँड्रीवाला आणि व्यापारी एकाच कंदिलाच्या उजेडात उभे राहतात. प्रत्यक्षात १८८२ च्या कायद्याने मजूर अडवला होता, व्यापाऱ्याला सवलत होती. चिनी वस्तीचा कारभार ज्या संघटनेच्या हाती होता ती व्यापाऱ्यांच्या वर्चस्वाखालची होती. १९३३ साली न्यूयॉर्क नगरपालिकेने लाँड्रीसाठी नागरिकत्वाची अट आणि जबर शुल्क बसवायचे ठरवले, तेव्हा ह्या पुढाऱ्यांवर विसंबून न राहता लाँड्रीवाल्यांनी स्वतःची ‘चायनीज हँड लाँड्री अलायन्स’ ही संघटना काढली आणि ते शुल्क व अनामत दोन्ही बरेच खाली आणायला लावले. नववर्षाच्या मिरवणुकीतला ड्रॅगन सगळ्यांचा असेल. पण इस्त्री आणि ही लढाई एका वर्गाची आहे. संस्कृतीचा गौरव करताना हा भेद पुसला गेला तर इतिहास पुन्हा व्यापाऱ्याच्याच मालकीचा होतो.

‘योगदान’ हा शब्द ह्याहून फसवा आहे. ह्याच संग्रहालयात २००९ साली जे मुख्य प्रदर्शन मांडले त्याच्या नावातही ‘अमेरिकेची घडण’ होती. आम्ही ह्या देशाची रेल्वे बांधली, म्हणून आम्ही ह्या देशाचे, असा हा युक्तिवाद असतो. त्यातला राग मला समजतो. सेंट्रल पॅसिफिक रेल्वेवर दहा हजारांहून जास्त चिनी मजूर राबले. १० मे १८६९ रोजी प्रॉमंटरी येथे दोन्ही बाजूंचे रूळ जुळले, आणि त्या प्रसंगाच्या प्रसिद्ध छायाचित्रात चिनी मजूर कुठेच ओळखू येत नाही. ज्याने डोंगर फोडला त्यालाच चित्रातून वगळले, तर त्याच्या नातवाने ‘आम्ही बांधली’ असे ओरडून सांगणे साहजिक आहे. पण ज्याने रेल्वे बांधली नाही, जो आजारी होता, ज्याने आयुष्यभर फक्त दुसऱ्यांचे सदरे धुतले, त्याचा हक्क कमी ठरतो काय? योगदानाची भाषा बोलणारा माणूस नकळत मालकापुढे हिशेबाची वही घेऊन उभा राहतो. उपयोग दाखवून मिळालेली जागा उपयोग संपताच काढून घेतली जाते. १८६९ नंतर अवघ्या तेरा वर्षांत प्रवेशबंदी आली, ती रेल्वे बांधून झाल्यावरच आली.

आणि त्याच मजुरांची दुसरीही एक गोष्ट आहे. जून १८६७ मध्ये सिएरा नेवाडाच्या डोंगरात सुमारे तीन हजार चिनी मजुरांनी गोऱ्यांइतकी मजुरी आणि कामाचे कमी तास मागत संप केला. कंपनीने त्यांचा शिधा तोडला आणि आठवडाभरात संप मोडला. योगदानाच्या हिशेबात संप जमेला धरता येत नाही. माणूसपणाच्या हिशेबात तो रेल्वेइतकाच मोठा आहे.

मग हक्क कशाच्या आधारावर मागायचा? ह्याचे उत्तर एका लाँड्रीनेच दिले आहे. सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीतील लाँड्रीला परवाना लागेल असा नियम १८८० साली झाला. नियमात चिनी हा शब्दही नव्हता. पण सुमारे दोनशे चिनी अर्जदारांना नकार मिळाला आणि चिनी नसलेल्यांपैकी एक सोडून सर्वांना परवानगी मिळाली. ‘यिक वो’ लाँड्रीचा मालक तुरुंगात गेला, पण लढला. १८८६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्याचे शब्द समान असून अंमल विषम असेल तर तो कायदा समान नव्हे; आणि चौदाव्या घटनादुरुस्तीचे संरक्षण केवळ नागरिकाला नाही, प्रत्येक माणसाला आहे. यिक वोने रेल्वेचा दाखला दिला नव्हता. मी माणूस आहे, एवढेच त्याचे म्हणणे होते.

ही चौदावी दुरुस्ती आली कुठून? काळ्या गुलामांच्या मुक्तीतून, १८६८ साली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला होता. नऊ वर्षांनी त्याच देशाने चिनी प्रवेशबंदी केली म्हणून ती अर्पणपत्रिका खोटी ठरत नाही. जोतीरावांनी ज्या लढ्याला नमस्कार केला, त्याच लढ्याने मिळवलेले कलम चिनी लाँड्रीवाल्याच्या कामी आले. एका पददलिताने मिळवलेला हक्क दुसऱ्याला असा उपयोगी पडतो.

ह्याच्या उलट उदाहरण आपल्याच देशातल्या माणसाचे आहे. १९२३ साली भगतसिंग थिंड हा पंजाबी गृहस्थ नागरिकत्वासाठी त्याच न्यायालयापुढे उभा होता. आपण उच्चजातीय हिंदू, आर्य वंशाचे, म्हणून गोरेच आहोत, असा त्याच्या बाजूचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. लाँड्रीवाल्याने माणूस म्हणून न्याय मागितला आणि दार सर्वांसाठी थोडे उघडले. थिंडने जातीचा दाखला पुढे केला. त्याने न्याय मागितला नव्हता, वरच्या पंगतीत पान मागितले होते, आणि तेही मिळाले नाही. वंश असो की योगदान, वरच्याने मान्य करावा असा कोणताही दाखला पुढे करणे म्हणजे तपासणीचा अधिकार त्याच्याच हाती ठेवणे होय.

हे सारे लिहिताना एक कबुली द्यायला हवी. माझे वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते. नंबर कोरलेला पितळी बिल्ला छातीला लावून ते पहाटे निघत. ते गेल्यावर तो बिल्ला आईच्या पेटीत होता. मला नोकरी लागली, आम्ही नव्या घरात आलो, कॉलेजातले सहकारी घरी येऊ लागले. सामान लावताना जुन्या भांड्यांबरोबर तो बिल्ला मी भंगारवाल्याला देऊन टाकला. काही दिवसांनी आईने विचारले, “तुझ्या बापाचा बिल्ला कुठं ठिवला रं?” मी म्हणालो, “आता कशाला पाहिजे आई तो?” ती काही बोलली नाही. न्यूयॉर्कच्या त्या काचेपुढे मला तिचे ते न बोलणे आठवले. तिथल्या पोरांनी परक्या म्हाताऱ्यांचे सामान कचऱ्यातून उचलून आणले होते. मी माझ्या बापाचे कचऱ्यात घातले होते.

घाणीची कामे सोडा, हा बाबासाहेबांचा आदेश होता आणि तो योग्यच होता. बिल्ला जपणे म्हणजे ते काम मिरवणे नव्हे. चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वस्तू जपल्या आहेत. त्या जपल्याच पाहिजेत. पण त्यांच्या मागे चालणाऱ्या लाखोंच्या वस्तू कोण जपणार? येसकराची काठी, गिरणी कामगाराचा पास, सफाई कामगाराचा बिल्ला, १९५६ नंतर देव्हारा रिकामा केलेल्या घरातली बुद्धाची पहिली तसबीर: ह्या वस्तू आजही आपल्या वस्त्यांत आहेत आणि रोज भंगारात जात आहेत. महाविद्यालयातील आपल्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत एकेका वस्तीत जाऊन त्या गोळा कराव्यात आणि म्हाताऱ्या माणसांचे बोलणे लिहून घ्यावे. त्याला सरकारी अनुदान लागत नाही. १९८० साली न्यूयॉर्कच्या त्या मंडळींनी कचराकुंडीपासूनच सुरुवात केली होती.

मात्र मांडताना एक पथ्य पाळावे. वस्तूशेजारी तिचा कायदा ठेवावा. येसकराच्या काठीशेजारी १८७४ चा वतनाचा कायदा, तो बदलण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात आणलेले विधेयक आणि महार वतन संपवणारा १९५८ चा कायदा ठेवावा. म्हणजे पाहणाऱ्याला कळेल की ही काठी कुणाच्या संस्कृतीचा अलंकार नव्हती, आणि गावाच्या सेवेतले कुणाचे योगदानही नव्हते. ती लादली गेली होती, आणि ज्यांच्यावर लादली त्यांनी ती टाकून दिली.

वडिलांचा बिल्ला आता मिळणार नाही. त्याचा नंबर आईच्या लक्षात आहे. तो मी वहीत लिहून घेतला आहे.