कल्पनेचें मोल

वाङ्मयाच्या व्यवहारांत ‘कल्पना’ या वस्तूला आपल्याकडे जें मोल देण्यांत येतें, तें बरेंचसें गैरसमजावर आधारलेलें आहे. नवें पुस्तक हातीं पडलें कीं पहिला प्रश्न निघतो, ‘यांतील कल्पना नवी आहे काय?’ ती पूर्वीं कोठें येऊन गेल्याचें आढळलें, कीं लेखकावर चोरीचा आरोप ठेवून टीकाकार मोकळा होतो. दुसरीकडे एखादा होतकरू लेखक आपल्याला सुचलेलें कथानक कोणी पळवील या धास्तीनें तें स्नेह्यांनाही सांगत नाहीं, आणि बहुधा लिहीतही नाहीं. या दोन्ही प्रकारांच्या मुळाशीं एकच समजूत आहे : कल्पना सुचली म्हणजे कृति झाली, पुढची सारी नुसती मजुरी. ही समजूत कितपत टिकते, तें पाहूं.

शाकुंतलाचेंच उदाहरण घ्या. त्याचें कथानक कालिदासाचें नव्हे. तें महाभारताच्या आदिपर्वांत आहे. तेथील दुष्यंताला सारें आठवत असतें. तरीही लोकापवादाच्या भयानें तो शकुंतलेला भर सभेंत नाकारतो, आणि आकाशवाणीनें ग्वाही दिल्यावर तिचा स्वीकार करतो. कालिदासानें दुर्वासाचा शाप आणि मुद्रिका हीं नवीं आणलीं. ‘मग ही नवी कल्पनाच नव्हे काय?’ असें कोणी विचारील. पण शाप तेवढा वेगळा काढून पाहा. राजाला दोषमुक्त करणारी एक सोयीस्कर युक्ति, एवढेंच त्याचें स्वरूप उरतें. त्याला अर्थ येतो तो पांचव्या अंकांत. हंसपदिकेचें गाणें कानीं पडतांच राजा व्याकुळ होतो, आणि आपल्याला दुःख कशाचें होत आहे हें मात्र त्याला उमगत नाहीं. स्मृति गेली, तरी प्रेम आंत कोठें तरी जागेंच आहे! हा अनुभव शापाच्या कल्पनेंत आयता नव्हता. तो कालिदासानें प्रसंग रचून निर्माण केला.

आतां मराठी रंगभूमीकडे वळूं. देवलांच्या ‘संशयकल्लोळा’चें मूळ शोधीत गेल्यास आपण 1660 सालच्या पॅरिसपर्यंत जाऊन पोंचतों. तेथें मोलियेरनें तसबिरीवरून होणाऱ्या संशयाचें प्रहसन रचलें. 1761 मध्यें मर्फीनें तें इंग्रजी रंगभूमीच्या बेताचें केलें. त्यावरून देवलांनीं 1893 मध्यें ‘फाल्गुनराव’ हें गद्य नाटक लिहिलें, आणि त्याचेंच संगीत रूप 1916 मध्यें रंगभूमीवर आलें. कल्पनेची मालकी हेंच मोठेपण असतें, तर देवलांच्या वांट्याला कांहींच उरलें नसतें. परंतु फाल्गुनराव आणि कृत्तिका यांचें भांडण ज्यानें ऐकलें, त्याला तें पॅरिसचें वाटत नाहीं. तें आपल्याच आळींतलें, शेजारच्या माडीवरचें वाटतें. पात्रांना महिन्यांचीं व नक्षत्रांचीं नांवें देण्याची गंमत देवलांची. आणि हंसतां हंसतां संशयी माणसाची कींव यावी, अशी भाषाही त्यांचीच.

आपल्या साहित्यशास्त्राला हा भेद अपरिचित नव्हता. नवव्या शतकांत आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोका’च्या शेवटच्या उद्योतांत काव्यांमधील साम्याचे तीन प्रकार सांगितले : प्रतिबिंबासारखें, चित्रासारखें, आणि दोन देहधाऱ्यांमध्यें असतें तसें. पहिलीं दोन त्यानें त्याज्य ठरविलीं, कारण त्यांना स्वतःचा असा आत्मा नसतो. तिसऱ्याला मात्र त्याची हरकत नाहीं. दोन माणसांचे चेहरे मिळतेजुळते असले, म्हणून तीं दोन माणसें एक होत नाहींत. कायद्याची दृष्टिही फार वेगळी नाहीं. ‘हम हिंदुस्थानी’ या नाटकाच्या कर्त्यानें ‘न्यू दिल्ली’ या चित्रपटाविरुद्ध चालविलेल्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें 1978 मध्यें निर्णय दिला, कीं कल्पना, विषय किंवा कथानक यांवर कोणाची मालकी नसते. ती असते त्यांच्या मांडणीवर आणि आविष्कारावर.

मग कल्पनेला मोल नाहींच काय? हाही दुसऱ्या टोंकाचा गैरसमज होय. आपल्यापाशीं कल्पना पुष्कळ आहेत, पण सुनीत कांहीं साधत नाहीं, अशी तक्रार चित्रकार देगानें केली असतां, कविता कल्पनांनीं होत नाहीं, शब्दांनीं होते, असें मालार्मेनें त्याला सुनावल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. उत्तर मार्मिक खरें. पण तेंच सूत्र मानून बसलेल्यांच्या हातून नुसती शब्दांची नक्षी तयार होते. देवलांच्याच ‘शारदे’कडे पाहा. बाला-जरठ विवाहाची चर्चा 1899 पूर्वींच समाजांत सुरू झालेली होती. विषय नवा नव्हता. पण तो देवलांच्या मनाला भिडलेला होता, म्हणूनच त्यांची कारागिरी कारणीं लागली. कल्पनेचें खरें मोल तिच्या नवेपणांत नसून ती लेखकाला किती खोल नेते, यांत आहे.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. कल्पनेच्या साम्यावरून चोर ठरविण्याची संवय जडली, कीं दुहेरी अन्याय होतो. जुना विषय प्रामाणिकपणें नव्यानें भोगणारा लेखक बदनाम होतो. आणि दुसऱ्याची प्रसंगांची जुळणी, संवादांचा घाट व वाक्यांची ढब उचलून वर एखादी चमकदार कल्पना चिकटविणारा उजळ माथ्यानें मिरवतो. म्हणून ‘ही कल्पना कोणाची?’ असें विचारण्यापूर्वीं टीकाकारानें ‘या लेखकानें तिचें काय केलें?’ असें विचारावें. आणि आपल्याला सुचलेली गोष्ट पेटींत जपून ठेवणाऱ्या तरुणानें ती बाहेर काढून लिहावयास बसावें. ती पळविली जाण्याचें भय थोडें. न लिहितां राहून जाण्याचें फार मोठें.